कडबाकुट्टीचं तोंड किती लांब असावं

नगरला फिरायला म्हणून कोणी जात नाही. मीही कामासाठीच गेले. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणं हा माझा व्यवसाय, आणि नगरच्या एमआयडीसीतल्या भापकरांची कडबाकुट्टी, म्हणजे जनावरांची वैरण बारीक कापायचं यंत्र, पहिल्यांदाच युरोपला निघाली होती. यंत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुस्तक लिहीत नाही. शिवाय तिथून तासाभरावर सोनईला माझी मावसबहीण सुमनताई राहते. दिवाळीत कुट्टी करताना तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. जानेवारी उजाडला तरी मी फोनवरच चौकशी करत होते.

पुण्याहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, साडेतीन तास. शिरूरला बस थांबते तिथला वडापाव गरम असेल तरच घ्या.

भापकर पन्नाशीचे, बोलायला मोकळे. त्यांनी युरोपला जाणाऱ्या, चालू नसलेल्या एका पिवळ्या यंत्राच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला. "बघा मॅडम, बोटं वैरण आत ओढणाऱ्या रोलरला लागत नाहीत. आणि घाबरून कुणी ह्या लाल दांड्यावर नुसतं अंग टाकलं, तरी यंत्र बंद."

"युरोपातला कायदाच तसा आहे का?"

"कायदा एवढंच म्हणतो, यंत्रानं माणसाला इजा होता कामा नये. तोंड किती लांब, दांडा कुठं, हे सगळं मानकात. ते पाळायची सक्ती नाही बरं का. पाळलं, तर कायदा पाळला असं धरतात. नाही पाळलं, तर यंत्र सुरक्षित आहे हे तुमचं तुम्ही सिद्ध करत बसा. त्यापेक्षा पाळलेलं बरं. एक मानक पाळलं की इतक्या देशांचे दरवाजे उघडतात."

मी भराभर लिहून घेत होते. खरंच, हुशारीची व्यवस्था वाटली. मग भिंतीकडची हिरवी रांग दिसली. तीच यंत्रं, पण तोंड वीतभर. लाल दांडा नाही.

"ही?"

"ही आपल्या इकडची."

"ह्यांना का नाही?"

"बसवलं होतं की! गिऱ्हाईक म्हणालं, लांब तोंडात वैरण अडकते. शेजारचा त्याशिवाय स्वस्तात देतो. माझी यंत्रं पडून राहिली." ते चहाचा कप फिरवत राहिले. "मानक आपल्याकडंही छापलेलं आहे, मॅडम. मागतं कोण? उद्या सगळ्यांना सक्ती करा, पहिला मी बसवतो."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. माणूस खोटं बोलत नव्हता, त्यामुळे तेही नीट जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनई. घोडेगावपर्यंत एसटी, पुढे शेअर रिक्षा. शनिवारी आणि अमावस्येला जाऊ नका. शिंगणापूरच्या गर्दीत रिक्षा मिळत नाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्यामुळे पाऊण तास जास्त लागला.

ताई ओट्यावर बसली होती, हात पदराखाली. भाकरी तिची सून पूजा थापत होती. जेवण झाल्यावर मी गोठ्यात गेले. हिरवं यंत्र. वीतभर तोंड. पाटीवर भापकरांचं नाव.

मी ताईला मोबाईलमधला पिवळ्या यंत्राचा फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला.

"ही कुठं मिळंल गं?"

"इकडे नाही विकत. युरोपला जातात."

"तिकडच्या बाया बी कुट्टी करत्यात व्हय?" तिने डाव्या हाताने फोटो मोठा केला. "आन् आमी कोन हाय मग?"

मी तिथूनच भापकरांना फोन लावला. लांब तोंड जुन्या यंत्राला बसत नाही, म्हणाले. मग मी दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, घेऊन बाजारातल्या वेल्डरकडे गेले. वहीतलं माप दिलं. हात खांद्यापर्यंत गेला तरी रोलर लागू नये, एवढं लांब. दाजी आधी म्हणाले, "लई येळ खाईल हे." पण विरोध केला नाही. संध्याकाळी पत्र्याची लांब पेटी बसली. पूजाने उसाचं वाडं घालून पाहिलं. दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा गेलं. मी समाधानाने पुण्याची बस पकडली.

माहितीपुस्तक आठवड्यात झालं. सुरक्षेची बारा पानं, चित्रांसहित. भापकरांचा कंटेनर गेला. त्यांनी पेढ्यांचा फोटो पाठवला.

परवा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी पेटीचं विचारलं.

"काढली गं. ह्यांनी ग्राइंडर लावून काढली. जनावरं हंबरत्यात, आन् वाडं अडकून बसतंय. एवढा येळ कुनाला हाय?"

"मग कुट्टी कोण करतं?"

"पूजाच करती की."

पलीकडून यंत्राचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही.