चाकावरचं कुंकू

आमच्या घराला गॅरेज होतं, पण गाडी नव्हती. वडिलांनी गंगापूर रोडला प्लॉट घेतला तेव्हा नकाशा काढणाऱ्यानं गॅरेज दाखवलं होतं, म्हणून ते बांधलं गेलं आणि मग त्यात सरपण आणि मोडक्या कॉट राहिल्या. वडील गेल्यावर दादानं तो पसारा बाहेर काढला आणि बैलगाडीच्या मागे बांधून एक गाडी ओढत आणली. मुंबईत टॅक्सी म्हणून धावतात त्या जातीची. काचा नव्हत्या, मागची सीट नव्हती, दारं गंजून जाळी झालेली.

वहिनी फाटकात उभी होती. "ही आपल्याला नेणार की आपण हिला?" तिनं विचारलं.

"वर्षभर आपण हिला," दादा म्हणाला, "मग ही आपल्याला."

गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची. दिंडोरीच्या वाटेवर एका माळावर काही हौशी लोक जुन्या गाड्यांच्या शर्यती लावायचे. फक्कीनं आखलेला गोल, त्यात पाच-सहा गाड्या एकमेकींना घासत पळायच्या, आणि धुळीतून कोण पुढे आहे ते कुणालाच दिसायचं नाही. दादानं ते एकदा पाहिलं आणि त्याला वेड लागलं. तो सातपूरला एका कारखान्यात टर्नर होता, हात चांगला होता. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, लग्न व्हायचं होतं, संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं.

गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून आत पाइपांचा पिंजरा लागतो. आम्ही पाण्याचे जाड पाइप आणले. पाइप नुसता वाकवला तर चेपतो, म्हणून त्यात वाळू ठासून, तापवून वाकवायचा. जुन्या नाशकातले एक वेल्डर चाचा, दादाचे दोस्त, दर रविवारी येऊन जोड मारायचे. दारं तर त्यांनी कायमचीच जोडून टाकली. आत जायचं ते खिडकीतून. पहिल्यांदा गेली ती वहिनी, पदर खोचून. चाचा म्हणाले, "भाभी, आता बाहेर कशा येणार?" ती म्हणाली, "चहा मी इथंच घेईन." सीटवरच्या माणसाला बांधायचा पट्टा तिनंच शिवला, ताडपत्रीची दुहेरी घडी घालून. सुई मोडली, बोट फुटलं, पण शिवला.

दादाचा एक नियम होता. पान्यानं पक्का आवळलेल्या नटावर तांबड्या रंगाचा ठिपका द्यायचा. ज्यानं आवळला त्यानंच द्यायचा. ठिपका नसेल तर नट ढिला समजायचा. गाडी फिरून बघताना दादा फक्त ठिपके बघत जायचा.

शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती आणि दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून गाडी पहिल्यांदा माळावर न्यायची ठरली. अष्टमीच्या संध्याकाळी दादा पाळीवर होता. चारही चाकं बसवून आवळायचं काम माझं. तीन झाली. चौथ्याचे, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचे नट मी हातानं फिरवून ठेवले होते, एवढ्यात कालिकेच्या यात्रेला जायला मित्र आले. रंगाचा डबा उघडा होता. मी सगळ्या नटांवर ठिपके दिले, आवळलेल्या आणि न आवळलेल्या. सकाळी पाना मारू, असं मनात म्हटलं आणि गेलो.

सकाळी खंडेनवमी. मी उठेपर्यंत वहिनीनं सगळी अवजारं घासून पाटावर मांडली होती. पान्यांना हळदकुंकू, हातोडीवर झेंडूचं फूल. मी दारात घुटमळलो तशी ती म्हणाली, "भाऊजी, आज हात लावायचा नाही हं. उद्या उत्तरपूजा झाली की घ्या."

एक पाना मागायचा होता. पण मागितला असता तर कशाला ते सांगावं लागलं असतं, आणि ठिपके आधीच दिलेत हे दादाला कळलं असतं. त्याचा संताप मला माहीत होता. मी नाही मागितला.

दसऱ्याच्या सकाळी पाने मोकळे झाले, पण दादा गाडीपासून हलेना. वहिनीनं गाडी ओवाळली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाचाकापाशी बसून प्रत्येक नटाला कुंकवाचं बोट लावलं. दादा खिडकीतून आत शिरला, पट्टा बांधला आणि मला विचारलं, "चाकं?"

मी म्हणालो, "झाली."

माळावर दुसऱ्या फेरीला पुढचं डावं चाक निघून पुढे पळत गेलं. गाडी कोलमडली. पिंजऱ्यानं डोकं वाचवलं, पट्ट्यानं छाती वाचवली. उजवा गुडघा वाचला नाही. तो पुढे कधीच पुरता वाकला नाही.

चाचांनी धुळीतून दोन-तीन नट शोधून इस्पितळात आणले. दादा पलंगावर, पाय वर टांगलेला. "नट सुटले कसे?" त्यानं मला विचारलं. वहिनी उशाशी होती.

मी म्हणालो, "ते चाक मी ठिपका न देता सोडलं होतं. सकाळी लाल दिसलं. वाटलं, तू आवळलंस."

चाचांनी नट खिडकीपाशी नेऊन पाहिला. "वो कुंकू होगा रे," ते सहज म्हणाले.

वहिनीचा हात तोंडावर गेला. "मी सगळ्यांना लावलं होतं," ती म्हणाली.

मी कुंकवाचं नाव घेतलं नव्हतं. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की नाव मी घेतलं नव्हतं.

चार दिवसांनी तिचे वडील येवल्याहून एसटीनं आले. हातमागावर बसणारा माणूस, मान कायम जराशी पुढे. त्यांनी जावयापुढे हात जोडले. "पोरीच्या हातून झालं," म्हणाले, "पदरात घ्या." दादा कसनुसा झाला, "अहो, काहीतरीच काय," म्हणाला. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन भांडं परत माझ्या हातात दिलं.

गाडी भंगारात गेली. वहिनी गॅरेजात पाऊल टाकेनाशी झाली. दादा मनानं मोठा, त्यानं तिला कधी बोल लावला नाही, त्याची गंमत केली. आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, "गाडीला ओवाळायला सांगितलं होतं, हिनं मलाच ओवाळून टाकलं." लोक हसायचे. वहिनीही हसायची, आणि दसरा आला की ताट माझ्या हातात देऊन आत जायची. माझ्या स्कूटरला मीच कुंकू लावायचो.

मग पुतणी कॉलेजात गेली आणि तिला मोपेड घेतली. दसऱ्याला ती त्याच गॅरेजपुढे उभी केलेली. वहिनीनं नेहमीप्रमाणे ताट माझ्याकडे दिलं. पोरगी हसत म्हणाली, "काका, तुम्हीच लावा बाई. आईच्या हातचं नको, पहिल्याच दिवशी पडेन मी."

वहिनी हसली. ती हसली म्हणून मला ते सहन झालं नाही.

मी ताट ओट्यावर ठेवलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. कालिकेची यात्रा, ठिपके, पाना, सगळं.

दादा बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी तुला विचारलं होतं? चाकं म्हणून?" त्याला ते आठवतही नव्हतं.

"तेव्हाच सांगितलं असतंत," वहिनी म्हणाली, "तर काय झालं असतं?"

"दादानं मारलं असतं."

"एवढंच ना?"

तिनं ताट उचललं, मोपेडपाशी गेली, पोरीला विचारलं, "ब्रेक बघितलेस?" आणि कुंकू लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्यांना ज्यांना ह्यांनी ती गंमत ऐकवलीय, त्यांना आता तुम्ही जाऊन सांगायचं. सगळ्यांना."

शेजाऱ्यांना सांगितलं. चाचांना सांगितलं. त्यांनी वेल्डिंगची काच खाली केली आणि काम करत राहिले. मी निघालो तेव्हा म्हणाले, "आणि मी भाभींच्या तोंडावर बोललो." येवल्याला गेलो. वहिनीच्या आईनं ऐकून घेतलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि चहा टाकायला उठली. फोटोतल्या माणसाला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

बाकीचे पांगले. कोणी मनमाडला, कोणी पुण्याला. त्यांच्यासाठी हे लिहून काढलं. आधी वहिनीला वाचून दाखवलं. पहिल्या खेपेला मी लिहिलं होतं, की दसऱ्याच्या सकाळी गडबडीत चाकांचा विषय निघालाच नाही.

ती गहू निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांनी विचारलं आणि तुम्ही झाली म्हणालात. ते घाला."

ते घातलं आहे.