पदरातली तुरीची काडी

समोर बसली की ती आधी पदराची गाठ सोडायची. दातांनी. गाठीतून तुरीची वाळकी काडी निघायची, मधोमध मोडलेली. दोन्ही तुकडे टेबलावर ठेवून ती म्हणायची, “आंधी हे पाहा, मंग बोला.”

तेव्हा मी वाशीमला एका वकीलसाहेबांचा मुनशी होतो. पक्षकार आला की माझ्या वहीत यादी सुरू व्हायची: नाव, गाव, तक्रार, कागद, साक्षीदार. हिचं गाव आसेगाव, तक्रार नवऱ्याबद्दल, इथवर ठीक. कागदाच्या रकान्यात मी ‘काडी’ लिहिलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

प्रकरण अगदी सरळ होतं, म्हणूनच वकिलांना अवघड गेलं. नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि जातीच्या पाच पंचांसमोर काडी मोडून हिला मोकळं केलं. त्यांच्यात फारकत अशीच व्हायची; कागद नाही, सही नाही. ही आसेगावला भावाकडे आली. पुढे शेतात तण काढायचे, निंदणाचे दिवस आले आणि नव्या बायकोला वाकायची सवय नाही, असा शोध नवऱ्याला लागला. त्याने वकिलाकडून नोटीस धाडली: काडी वगैरे काही मोडलेली नाही, बायकोने मुकाट नांदायला यावं.

आता आपणही वकील लावायचा की नाही, हे ठरवायला ती दर बाजाराच्या दिवशी यायची. कचेरीच्या आवारातला एकही वकील तिने सोडला नाही. बैल घेणारा दात बघतो, ही विचारायची, “साहेब, तुमची घरवाली तुमच्याबद्दल काय म्हनते?” जो अडखळला तो बाद. सगळेच बाद झाले. आमचे साहेब तर खोकले.

त्यांनी जाड पुस्तक काढून समजावलं, “बाई, आपल्या शास्त्रात सोडचिठ्ठी नाही. जातीची चाल सिद्ध करावी लागेल.”

“साऱ्या गावाले मालूम हाय नं.”

“गाव म्हणजे पुरावा नव्हे.”

“मंग गाव कायले बसवलं?”

साहेबांनी पुस्तक मिटलं. तसं ते एरवीही फार वेळ उघडं नसायचं.

साक्षीदार गोळा करायला मी स्वतः तिच्या सासरच्या गावी गेलो. पाची पंच भेटले. त्या दिवशीच्या पंगतीत वरण होतं, वांग्याची भाजी होती, पुरणपोळीवर तूप कमी पडलं, हे पाचांनाही स्वच्छ आठवत होतं. पंगत कशाची, एवढंच आठवत नव्हतं. पाचवे पंच तर ठार बहिरे. त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. साक्षीदारांचा रकाना मी कोरा ठेवला.

मग एकदा नवरा आपल्या वकिलाला भेटायला वाशीमला आला. सोबत तेच पाच पंच, काहीच घडलं नाही हे सांगायला. कचेरीसमोरच्या लिंबाखाली वकिलासकट सगळे बसले होते. ही सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, मी तिच्या मागे.

“काडी मोडली नाई म्हनता?”

“नाई मोडली,” नवरा म्हणाला. “कोनती काडी?”

तिने गाठ सोडली. तुकडे पुढे केले. मी पाहिलं: ते तुकडे ज्वारीच्या धांड्याचे होते. बाईने खरी काडी हरवली होती!

नवऱ्याने तुकडे उचलले आणि मोठ्याने हसला. “अवं, हे तं जवारीचं धांडं हाय. म्या मोडली थे तुरीची होती!”

बहिरे पंच त्याच्या हातातल्या धांड्याकडे बघून मान डोलवत म्हणाले, “हाव, तुरीचीच होती.”

तिने पदराच्या दुसऱ्या टोकाची गाठ सोडली. त्यात तुरीची काडी होती.

नवऱ्याच्या वकिलांना एकाएकी दुसरं महत्त्वाचं काम आठवलं. मी मात्र तिथल्या तिथे फारकतीचा लेख लिहिला, नवऱ्याचा अंगठा घेतला, खाली पाच पंचांचे घेतले. कागद आणि साक्षीदार, दोन्ही रकाने एका दमात भरले.

कागद पदरात बांधून ती शेजारच्या चहावाल्याच्या चुलीपाशी गेली आणि तुरीचे दोन्ही तुकडे जाळात टाकले.

“बाई, पुरावा!” मी ओरडलो.

“आता कागद हाय नं. दोन सालं झाली मुनशीजी, झोपीतही मुठीत धरत होती. हात दुखते.”

ती चहा प्याली, उठली आणि जाता जाता वळली. “पन वकील लावाचा का नाई, थे काई आपलं ठरलं नाई हं.”

“आता कशाला लावता?”

“लिहून तं ठेवा.”

मी लिहिलं: वकील लावणे, निर्णय बाकी. त्यानंतर ती कधी आली नाही. वकीलमंडळी मोकळेपणाने आवारात फिरू लागली.

काही वर्षांनी तिचा भाऊ बाजाराला आला तेव्हा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “बहीन गेली. आठ रोज झाले. तुमाले निरोप देला तिनं. म्हने, मुनशीजीले सांगजो, नाई लावत म्हना.”

मी जुनी वही काढली. पान सापडलं. टाक दौतीत बुडवला. झालेलं काम ताबडतोब खोडण्याची माझी सवय साऱ्या कचेरीला ठाऊक आहे.

शाई टाकावरच वाळली.