सोपटाची गाठ

कुणी दारावर खवा विकायला आलं की औंढे गावचे ते आबा मला अजून आठवतात. इंग्रजांचं राज्य होतं आणि मी लोणावळ्याच्या ठाण्यात फौजदार होतो.

एका सकाळी बाजारपेठेतला मिठाईवाला तणतणत आला. आबांनी आंबलेला खवा गळ्यात मारला, त्यापायी लग्नाच्या पेढ्यांची मोठी ऑर्डर बुडाली, अशी त्याची फिर्याद. खव्याची पाटी आली त्याच दिवशी उघडली, तेव्हाच खवा खराब होता, असा जबाब त्याने लिहून दिला. मग ठाण्यात यायला तीन दिवस का लागले, असं विचारलं तर तो बुडालेल्या ऑर्डरचंच रडगाणं गात राहिला.

आबांना बोलावणं धाडलं. सत्तरीचा माणूस, बाकावर बसायला तयार नाही.

"साहेब, खवा ताजा व्हता. उघडून बघा म्हनलो, तर शेट म्हनले, आबा, तुमचा माल काय बघायचा? आता माजं नाव गेलं तर हितं कोन घेईल माजा खवा? म्हशी इकाव्या लागतील वो!"

मला वाईट वाटलं. पण नुसत्या कळवळ्याने तपास होत नाही. जाताना ते म्हणाले, "माजी गाठ तेवडी बगा."

आबा पाटीवर पळसाची पानं घालून ती केळीच्या भिजवलेल्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीने, बांधत. पंचनाम्यात ते सोपट दुकानामागच्या कचऱ्यात सापडलं. चाकूने कापलेलं, गाठ शाबूत, आणि पाटीच्या गोलाईतच वाळून ताठ झालेलं.

"शेट, गाठ सोडली का नाही?"

"सुटेना, साहेब. दगड झाली होती."

हवालदाराने माझ्यासमोर तशाच दोन पाट्या बांधल्या. एकीची गाठ त्याच संध्याकाळी नखाने सुटली. दुसरीला तिसऱ्या दिवशी चाकू लागला. म्हणजे शेटजींनी पाटी आली त्या दिवशी उघडलीच नव्हती.

ते पाहून शेटजींनी मान खाली घातली. "आबांच्या देखत उघडली असती तर त्यांना वाटलं असतं, शंका घेतो. मग गडबडीत उघडायची राहूनच गेली आणि खवा आंबला. गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू, म्हणून..."

"म्हणून म्हाताऱ्याच्या तोंडाला काळं फासायचं?" मी कडाडलो.

फिर्याद खोटी ठरली. शेटजींनी भर बाजारात आबांचे पाय धरले.

नाशवंत माल दारातच उघडून पाहावा, त्यात कुणाचा अपमान नाही, हे मी त्यानंतर लोकांना सांगत सुटलो. पंधरा दिवसांनी आबा माझ्या बिऱ्हाडी खवा घेऊन आले. मी बायकोला हाक मारली, "आत ठेव गं, आबांचाच आहे."

आबा पाटी सोडेनात. उंबऱ्याशीच बसले.

"न्हाई, साहेब. आदी उघडा. तुमी चाखल्याबिगर म्या हितनं उठत न्हाई."

मी ओशाळलो. खाली बसलो आणि गाठ माझ्या हाताने सोडली.