हरलेल्यानं लिहायचं

सायमन गेल्याचं मला जयेशभाईंनी सांगितलं. माणिकपूरच्या ज्या सायबर कॅफेत आम्ही चार वर्षं दुपारच्या दुपारी घालवल्या, त्याचे ते मालक. मी रिक्षास्टँडपाशी उरलेली जुनी पत्रकं वाटत होते. ते दुकान उघडं टाकून, पायात चप्पल न घालता रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "बेन, तुमचा तांडेल गेला." तांडेल हे सायमनचं गेममधलं नाव. मला वाटलं, गेमातलंच काहीतरी असेल. मी म्हणाले, "जाऊ दे. तीन आठवडे तोंड लपवून बसलाय, येईल परत." त्याच्या मरणाच्या बातमीवर मी दिलेलं हे पहिलं उत्तर. लपवण्यात अर्थ नाही.

माणिकपूरहून राजोडीला जाणाऱ्या रस्त्यावर पाइपासाठी चर खणून ठेवलाय. कडेला ना दगड, ना दोरी, ना दिवा. संध्याकाळी कामावरून घरी जाताना सायमन सायकलसकट त्यात पडला. एवढंच झालं. पण आपल्याकडे एवढंच लिहिलं तर कुणाला तरी जबाब द्यावा लागतो, म्हणून एका स्थानिक साप्ताहिकानं वेगळं छापलं : गेमच्या नादापायी तरुणाचा बळी, कॅफेतून तंद्रीत परतताना अपघात. शोकसभेत कुणी एक पुढारी उभे राहिले आणि म्हणाले, तरुणांनो, यातून बोध घ्या. चराबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या रांगेत चर खणणारा कंत्राटदार हात जोडून बसला होता! सायमनच्या मावशीनं माझ्या दंडाला धरून विचारलं, "तू कोन गं बाय? ह्याच्याबरोबर गेम खेळायचीस ती तूच काय?" मी हो म्हणाले. तिनं हात सोडला. तिला मी काय सांगायला हवं होतं, ते आज इथे सांगते आहे.

सायमन डीटीपी करायचा. स्टेशनकडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मागच्या टेबलावर त्याचा कॉम्प्युटर होता. टँकरचं पाणी, तुंबलेली गटारं, बुजवलेली तळी, जे दिसेल त्यावर मी पत्रक लिहायचे आणि ते तो जुळवायचा. पहिल्याच पत्रकाच्या प्रुफावर त्यानं माझी सात विशेषणं लाल पेनानं उडवली होती. मी भडकले. तो मान वर न करता म्हणाला, "पत्रकबाई, ह्याच्यात शत्रू तेवढा आहे. मानसं कुठे आहेत?" माणसं असं तो नीट म्हणू शकत असे. मला चिडवायचं असलं की मुद्दाम घरचं बोलायचा.

गेम त्यानंच दाखवला. आज चित्रांनी भरलेले गेम असतात तसा तो नव्हता, सगळा शब्दांचा होता. जगभरचे लोक त्यात येत, एक काल्पनिक मुलूख होता, त्यात गट होते. गटाला आम्ही फॅक्शन म्हणायचो. लढाईचा निकाल कॉम्प्युटर आकड्यांत द्यायचा, पण ती लढाई कशी झाली, कोण का लढलं, ही गोष्ट खेळणाऱ्यांनी लिहायची. सायमनच्या फॅक्शनचं नाव 'ओहोटी'. समुद्र मागे सरकला की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर राहणारे लोक. ते कधी मुलूख जिंकायचे नाहीत, फक्त टिकायचे. मी महिन्याभरात त्याच्याविरुद्ध 'वणवा' काढला, कॅफेतली दहा-बारा पोरंपोरी जमवली आणि माझं नाव ठेवलं ठिणगी. सायमन हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "तू इथे पण मोर्चाच काढलास की गो!"

आमच्या कॅफेतली एक रीत मात्र जगात कुठे नसेल. इतर ठिकाणी जिंकलेला गोष्ट लिहितो. इथे हरलेल्यानं लिहायचं. आधी एका फुलस्केप वहीत, हातानं. जिंकलेल्यानं वाचायचं, सही करायची, मग ते गेमवर चढवायचं. आणि हरलेला लिहीत नाही तोवर जिंकलेल्यानं गेममध्ये पाऊल टाकायचं नाही. सायमन सांगायचा, त्यांच्या गावात सणाला रस्सीखेच व्हायची तेव्हा हरलेली आळी पंगतीत उभी राहून हकिगत सांगायची. खरं की त्यानं रचलेलं, देव जाणे. मी वाद घातला होता, "मग जिंकण्यात मजा काय?" तर म्हणाला, "हरलेला खोटं बोलला तर सगळ्यांना कळतं. जिंकलेला बोलला तर टाळ्या पडतात." त्याच्या पराभवाची पानं वाचावीत! माझ्या ठिणगीला त्यानं एकदा इतकं उमदं लिहिलं होतं की मलाच तिची लाज वाटली... मी तशी नव्हते.

दीपगृहाची लढाई शेवटची. ओहोटीचं दीपगृह माझ्या डोळ्यांत सलत होतं. मी पंधरा दिवस वेढा आखला, सगळी गलबतं आणली, सगळी पोरं एका दुपारी बसवली आणि हल्ला केला. आत कुणीच नव्हतं. ओहोटीवाले आदल्या दिवशीच दरवाजे उघडे टाकून निघून गेले होते. आम्ही दीपगृह जाळलं, नाचलो, जयेशभाईंनी सगळ्यांना थम्स अप पाजलं. मग मागून येणारी आमचीच गलबतं एकामागून एक खडकावर फुटायला लागली. दिवा आम्हीच विझवला होता ना! शेजारच्या मशीनवरून सायमन म्हणाला, "पत्रकबाई, वही तुमच्याकडे."

मी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वहीत त्यानं स्वतःच्या अक्षरात मथळा टाकून दिला : दीपगृहाची लढाई, लिहिणार वणवा. खाली पान कोरं. मी ते पान तसंच ठेवलं आणि गेमवर ओहोटीवाल्यांना पळपुटे म्हणणारं लांबलचक पत्रक चिकटवलं. सात काय, सत्तर विशेषणं घातली. तो रागावला नाही. मला त्याचाच जास्त राग आला. "लिहिशील तेव्हा लिही," म्हणाला, "मी थांबतो." आणि थांबला. कॅफेत येणंच बंद केलं त्यानं. मीही त्याच्या दुकानाकडे फिरकले नाही. मला वाटलं, थांबू दे. रीत त्याची, भोगू दे त्याला.

आता साप्ताहिकवाल्यांनी कान देऊन ऐकावं. कॅफेत येणाऱ्याला नाव आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहून सही करावी लागते. जयेशभाईंनी ते माझ्यासमोर उघडलं. शेवटच्या तीन आठवड्यांत सायमनची एकही सही नाही. तो कॅफेतून परतत नव्हता, तंद्रीत नव्हता, नादात नव्हता. तो दुकान बंद करून घरी चालला होता. रजिस्टर घेऊन मी साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक म्हणाले, "ताई, पोरगा गेला तो गेलाच. आता कॅफे काय आणि दुकान काय?" मी म्हणाले, "फरक चराचा आहे." तर म्हणाले, "तुमचं नेहमीचंच." हो, माझं नेहमीचंच. माझं नेहमीचं मी त्या तीन आठवड्यांत केलं असतं तर!

कारण त्याच चरावरचं पत्रक मी वेढ्याच्या आधी सायमनकडे जुळवायला दिलं होतं. राजोडीच्या बायकांनी मागे लागून लिहून घेतलेलं. त्याचं प्रूफ तयार होऊन दुकानात पडलं होतं. मी रुसले होते म्हणून ते आणायला गेले नाही. पत्रकानं चर बुजला असता असं मी म्हणत नाही, मी एवढी भोळी नाही. पण चार माणसं जागी झाली असती, कुणी एक कंदील टांगला असता, एक फाटकं लुगडं काठीला बांधलं असतं... तेवढंही झालं नाही. कंत्राटदाराला मी सोडणार नाही. त्याच्या शेजारी मलाही उभं करावं लागतं, ह्याचा संताप वेगळा.

प्रूफ मी नंतर आणलं. पहिल्याच ओळीतला 'नराधम' त्यानं नेहमीसारखा उडवलेला. समासात लाल अक्षरात लिहिलंय : "ह्याला शिव्या मागून घाल. आधी सांग, या रस्त्यानं कोण कोण जातं."

त्या रस्त्यानं मासळीच्या पाट्या घेऊन बायका जातात. सकाळच्या मिस्साला चर्चमध्ये म्हातारे जातात. शाळेतली मुलं जातात. आणि एक डीटीपीवाला जायचा. सायकलच्या हँडलला जेवणाचा डबा लावून तो शीळ घालत जायचा. हे पत्रक आता त्यानं सांगितलं तसंच छापलंय. चर अजून उघडाच आहे. मावशी, मी ती गेम खेळणारीच. पण त्याला गेमनं नेलं नाही.

वही जयेशभाईंनी रजिस्टरशेजारी सुतळीनं बांधून ठेवली आहे. परवा दुपारी मी तिथेच काउंटरपाशी उभी राहून ते कोरं पान भरलं. वणवा हरला. समोरचे पळाले नव्हते, त्यांनी आम्हाला दिवा सोपवला होता, आणि तो आम्ही आमच्या हातानं विझवला. एकही विशेषण घातलं नाही. खाली जिंकलेल्याच्या सहीची जागा सोडली आहे. जयेशभाई म्हणाले, "बेन, मग आता गेमवर चढवू?"

मी नाही म्हणाले. सही झाल्याशिवाय चढवायची रीत नाही.