मागून घेतलेला मांडा

कुंदाबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, लग्नसराईत तीनला. मांड्याची कणीक ताणली तरी तुटता कामा नये, इतकी मळावी लागते. त्यात दोन बायांचा जोर जातो. कुंदाबाई एकट्या मळतात. धरणगावात आमची घरं लागून आहेत. कापसाच्या जिनिंगमधून मी निवृत्त झालो, तेव्हापासून त्यांची लाकडं फोडतो, लग्नांतही सोबत जातो.

पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. दिवसभर तेच. हात थांबला की मांडा फाटतो.

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याच्या एका लग्नात त्यांचे मांडे उरले. केटरर राकेशने खरकट्याचं पिंप दाखवलं.

"मावशी, पुढच्या लग्नातही असं झालं तर मी पुऱ्या ठेवीन."

त्यांचा सगळा हंगाम राकेशवरच होता. त्यांनी पिंपात वाकून पाहिलं. मांडे अर्धवट खाल्लेले नव्हते. जसे वाढले तसे घडीचे अख्खे पडले होते.

"भाऊ," त्या मला म्हणाल्या, "मांडा खराब नही शे. आग्रह खराब शे."

बरोबर होतं. पंगतीत यजमानाची माणसं 'आमच्यासाठी एक' म्हणत ताटात टाकत होती. आपल्याकडे पहिलं 'नको' कोणी खरं धरत नाही. खरंच नको असलेल्याला दोन पडतात.

पुढच्या लग्नात त्यांनी चूल मांडवाच्या तोंडाशी मांडायला लावली. वाढायला कोणी नाही. ज्याला पाहिजे त्याने ताट घेऊन यायचं. मुलीचे वडील बन्सीलाल नाना तापले.

"पाहुण्यानं मागून खायचं? मग लग्न कशाला म्हणता, रेशनचं दुकान म्हणा."

"नाना, एक बी मांडा वाया गया ते माले मजुरी देऊ नका."

नाना हात झटकून पाहुण्यांकडे वळले. सुरुवातीला कोणी उठेना. सगळे दुरून बघत होते. कुंदाबाईंनी पहिला मांडा खापरावर टाकला तो तसाच काढून ठेवावा लागला. मग नवरीची मामी सविता आली.

"अर्धाच द्या हं."

"अर्धा व्हत नही. दोनजणी मिळीसन खा."

सविताने जावेला हाक मारली आणि दोघी एका ताटात हसत जेवल्या. त्यांच्यामागून रांग लागली. धूर आला की माणसं मागे सरत, पुन्हा पुढे येत. चार लोकांदेखत तोंडाने मागितलेलं टाकायला कोणी धजत नाही. दुसऱ्याने वाढलेलं टाकायची कोणाला एवढी लाज नसते.

शेवटी नाना आले. ताट पुढे केलं.

"वाढ तुझ्या मनानं."

"मन्हा मनवर नही, नाना. तुम्ही सांगा."

"दोन."

दोन्ही संपवले. राकेशने पिंप पाहिलं, तर भाताची शितं आणि मिरच्यांचे देठ. पुऱ्यांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. उरलेली सगळी लग्नं कुंदाबाईंनाच दिली.

त्या हंगामाच्या मजुरीतून त्यांनी पत्र्याचा मोठा कूलर घेतला. आता बिनलग्नाच्या दुपारी त्याच्यासमोर पाय पसरून झोपतात.