सादोकचं शेवटचं मडकं

सादोकला नववीत फ्रेंचमध्ये मीच नापास केलं होतं. आता त्याची चाळिशी उलटली, तरी मला बाई म्हणतो, आणि मीही त्याच्या चुका काढायचं सोडलेलं नाही.

आमच्या बेटाजवळच्या उथळ समुद्रात त्याची मडकी असतात. साधी मातीची, दोराला बांधून तळाशी सोडलेली. आमिष नाही, काही नाही. ऑक्टोपसला अंधारं घर हवं असतं. तो आपणहून शिरतो. सादोकच्या बापाने हेच केलं, आजानेही. भाऊ मात्र समुद्रापलीकडे स्फाक्स शहरातल्या कारखान्यात गेले. मडक्यांवर भागेना, तेव्हा सादोकवरही तीच पाळी आली होती.

मार्चमध्ये हॉटेलचा मॅनेजर लसाद आला. हा शहरातला. म्हणाला, "पर्यटकांसमोर मडकी वर ओढून दाखव. आवडलं तर उन्हाळाभर दर आठवड्याला पाहुणे पाठवतो." पहिल्या खेपेला एक फ्रेंच जोडपं होतं. सादोकचं फ्रेंच मला ठाऊक, म्हणून दुभाषी मी.

एकामागून एक मडकी रिकामीच येत होती.

"ऑक्टोपस सुट्टीवर आहेत का?" पाहुणीने विचारलं.

"सांगा तिला बाई, ते तिच्याच गावी फिरायला गेलेत," सादोक म्हणाला.

मी सांगितलं. ती हसली. लसाद हसला नाही.

शेवटचं मडकं जड होतं. मी सादोकच्या शेजारीच होते, वाकून पाहिलं. आत तांदळाच्या दाण्यांसारख्या अंड्यांच्या माळा लोंबत होत्या आणि मादी मडक्याच्या तोंडाशी हात पसरून बसली होती. अशी मादी काही खात नाही. पिल्लं सुटेपर्यंत अंड्यांवर पाणी फुंकत राहते, मग मरते. तिला परत सोडायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

"रिकामं," सादोक म्हणाला आणि दोर हळूहळू सोडला.

धक्क्यावर लसाद पाहुण्यांना गाडीत बसवत होता, तेवढ्यात मी सादोकला धरलं. "मूर्खा, खरं सांगायचंस की. परत सोडतोस म्हटल्यावर त्यांना जास्तच आवडलं असतं."

"तेच तर, बाई. पुढच्या आठवड्याला अंडीवालीच दाखव म्हणाले असते. त्याच्या पुढच्या आठवड्याला हातात धरून फोटो."

"आणि स्फाक्सचं काय?"

"स्फाक्स कुठे पळून जातंय?"

एवढ्यात लसाद परतला. "बाई, शेवटच्या मडक्यात काहीतरी होतं ना? तुम्ही वाकून बघत होतात."

चौतीस वर्षं मी खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं. सादोक दोर गुंडाळत होता, माझ्याकडे बघतही नव्हता. माझ्या एका शब्दावर त्याचं उन्हाळाभराचं काम अवलंबून होतं.

"रिकामं होतं," मी म्हणाले.

लसादने दुसरा होडीवाला धरला. तो बाजारातून ऑक्टोपस आणून आधीच मडक्यात घालून ठेवतो. पाहुणे खूश असतात. सादोक मे महिन्यात स्फाक्सला गेला.

त्याच्या हट्टाचा मला अजून राग येतो. माझ्या खोट्याचा मात्र येत नाही.