चेंडूतली वाळू

दिनेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या बाजारात भेंडी निवडत होतो. आधी चिडलोच त्याच्यावर. संध्याकाळी वाढवणला घरी ये, शूटिंग आहे, असं सकाळीच बजावलं होतं त्यानं, आणि दुपारी हार्ट अटॅकनं स्वतःच गायब... असली दांडी त्यानं मॅचलाही कधी मारली नव्हती.

कॉलेजात आम्ही एकाच रग्बी टीममध्ये. ओहोटी लागली की डहाणूच्या किनाऱ्यावर सराव चालायचा. रग्बीत चेंडू पुढे फेकायचा नसतो, मागच्याला द्यायचा. पण हा पठ्ठ्या कुणालाच देत नसे. मागे धावत 'पास, पास' ओरडून माझा घसा बसायचा. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, तर महाशय टीव्हीवर मॅच दाखवणाऱ्यांकडे कॅमेरामन म्हणून लागले आणि हळूहळू स्वतःच्या फिल्म काढायला लागले. मजेत जगला.

कॅमेरा जमिनीलगत टेकवायला त्यानं फाटक्या रग्बीच्या चेंडूची उशी केली होती. आत वाळू भरली त्याच्या आईनं, जयामावशीनं. तीही बोंबील वाळत घालतात तिथली. मुंबईच्या एसी स्टुडिओत सुक्या बोंबलाचा घमघमाट सुटला. लोक नाकाला रुमाल लावून मेलेला उंदीर शोधताहेत आणि हा आपला कॅमेरा लावतोय.

"वाळू बदल की," मी म्हटलं.

"आईनं भरलीय. राहू दे."

शेवटची फिल्म मावशीवरच चालली होती. पण ती चेहरा दाखवायला तयार नव्हती. "हात घे, मासळी घे. तोंड नाय घ्यायचं." त्या एका शॉटवाचून फिल्म अडली होती. एरवी इतका हट्टी माणूस, पण तिच्यावर त्यानं जबरदस्ती केली नाही, चोरूनही शॉट घेतला नाही. मला त्याचं हे फार आवडायचं.

शूटिंगला मी त्याच्या हाताखाली असायचो, म्हणून त्याचं सामान माझ्याच घरी असायचं. गेल्या आठवड्यात ते परत द्यायला वाढवणला गेलो. मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिनं चेंडू दाबून पाहिला, दोन मुठी वाळू भरली, शिवण घट्ट केली आणि तो जमिनीवर ठेवला.

"लाव कॅमेरा. त्याचं काम अर्धं नको राहायला."

मी नेहमीसारखे तिचे हात घ्यायला लागलो.

"वर घे रे," ती म्हणाली.

चेंडू मागून दाबला, कॅमेरा वर झाला. मावशी सरळ त्यात बघत होती, दिनेश जेवायला बसला की बघायची तशी... मला पुढचं नीट दिसेना.

निघताना तिनं चेंडू माझ्याच हातात दिला. आता तो माझ्या खिडकीत आहे, घरभर वास सुटलाय. अख्ख्या कॉलेजात दिनेशनं मला एकदाही पास दिला नव्हता.